पालक आजारी किंवा व्यसनाधीन असताना मुलाच्या सुरक्षिततेची आखणी

आई किंवा वडील दारूच्या आहारी गेले असतील अथवा मनोविकाराने आजारी असतील, तर मुलाच्या सुरक्षिततेची आखणी घर शांत असताना आणि शक्यतो त्या पालकालाही सोबत घेऊन करावी.

मुलाने प्रसंगी कोणाकडे जायचे, हे सर्वांत आधी ठरवावे. गोव्यात डिचोली, पेडणे वा फोंड्याच्या वाड्यांवर आजी, मावशी किंवा शेजारीण हाकेच्या अंतरावर असते. तरीही, लोक काय म्हणतील या भीतीने तिला काही सांगितले जात नाही. तिला स्पष्ट सांगून ठेवावे, की मूल अपरात्री आले तरी प्रश्न न विचारता त्याला घरात घ्यावे, जेवू घालावे आणि झोपू द्यावे. मुलाला तिच्या घराची वाट दिवसा चालून दाखवावी. वाटेत कठडा नसलेली विहीर असल्यास दुसरी वाट निवडावी. मोठ्यांच्या भांडणात मध्ये पडायचे नाही, हेही त्याला बजावावे. चाइल्डलाइनचा 1098 आणि तातडीच्या मदतीचा 112 हे क्रमांक त्याच्याकडून पाठ करून घ्यावेत.

‘बाबांना आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही आणि तो बरा करणे तुझे काम नाही,’ इतके साधे बोलणे मुलाला पुरते. त्याला बाटल्या लपवायला किंवा आईवर पाळत ठेवायला लावणे हा माझ्या मते अन्यायच आहे.

प्यायलेल्या माणसाच्या स्कूटरवर मुलाला बसवू नये आणि तान्ह्या बाळाला त्याच्या शेजारी झोपवू नये, कारण बाळ गुदमरू शकते. औषधे, कीटकनाशके आणि कोयता कुलपात ठेवावेत.

देवळात गाऱ्हाणे घालून एका दिवसात दारू सोडण्याचा आग्रह चांगल्या मनाने होतो, पण रोज भरपूर पिणाऱ्याने ती अचानक थांबवल्यास पुढच्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. म्हणून बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ती सोडवावी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर सल्ला मिळतो. उपचार घेतले तर मूल हिरावले जाईल, या धास्तीने अनेक माता गप्प राहतात. परंतु 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार रुग्णालयात असलेल्या आईपासून तीन वर्षांखालील मुलाला, त्याला धोका नसेल तर, सहसा वेगळे केले जात नाही.

मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा स्वतःला अथवा मुलाला संपवण्याची भाषा यांपैकी काहीही आढळल्यास मात्र आखणीत वेळ न घालवता मुलाला तिथून हलवावे आणि 112 वर कळवावे.