वुल्फडॉगच्या पिल्लाचा आहार: ‘लांडगा आहे’ म्हणून होणाऱ्या या चुका टाळा

वुल्फडॉगचं, म्हणजे लांडगा आणि कुत्रा यांच्या संकरातून आलेल्या कुत्र्याचं पिल्लू घरी आलं की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगतं, ‘लांडग्याचं रक्त आहे, नुसतं मांस घाला.’ ऐकायला पटतं. पिल्लाच्या खाण्यातल्या निम्म्याअधिक चुकांचं मूळ मात्र याच वाक्यात असतं.

नुसतं मांस

लांडगा मांस खात नाही, शिकार खातो. हाडं, यकृत, काळीज, कातडं, सगळं त्यात आलं. आपण घालतो ते हाडं काढलेले तुकडे, आणि त्यात कॅल्शियमच्या दहा ते वीस पट फॉस्फरस असतो. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम फॉस्फरसइतकं तरी हवं, फार तर त्याच्या दुप्पट. खाण्यातून मिळालं नाही की शरीर ते स्वतःच्या हाडांतून ओढून घेतं. हाडं पातळ होतात, पिल्लू लंगडायला लागतं आणि एखाद्या साध्या उडीत हाड मोडतं. फसवं असं की तोवर पिल्लू गुटगुटीत दिसतं, त्यामुळे खाण्यावर कुणाचा संशयच जात नाही.

मग वरून कॅल्शियमची पावडर

हे आगीतून फुफाट्यात. पूर्ण वाढलेल्या कुत्र्यांना जादा आलेलं कॅल्शियम बरंचसं शोषून न घेता बाहेर टाकता येतं, पण सुमारे सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांना ते नीट जमत नाही. दिलं तेवढं बरंचसं अंगात जातं, आणि झपाट्याने वाढणाऱ्या मोठ्या जातींत त्यातून हाडं-सांधे वाकडे होतात. पिल्लाचं संतुलित तयार खाद्य चालू असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पावडरचा डबा उघडूच नका. यकृताचंही तसंच. थोडं चांगलं, रोज वाटीभर दिलं तर अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होतो.

पाकिटावरचा लांडगा पाहून खरेदी

चित्र सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा. खाद्य ‘ग्रोथ’साठी, म्हणजे वाढत्या वयासाठी परिपूर्ण आहे असं लिहिलेलं हवं. पिल्लू मोठेपणी 32 किलोंच्या आसपास किंवा वर जाणार असेल तर मोठ्या आकाराच्या कुत्र्यांच्या वाढीलाही ते चालतं, हा उल्लेख शोधा. तिथे कॅल्शियमची वरची मर्यादा कडक असते: कोरड्या वजनाच्या, म्हणजे पाणी वगळून उरलेल्या खाद्याच्या, 1.8 टक्के.

‘धान्यविरहित’ या शब्दालाही भुलू नका. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसलं की पिष्ट (स्टार्च) पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात 2 प्रती असतात, तर कुत्र्यांत त्याहून कितीतरी जास्त. वुल्फडॉग यात कुठे बसतो हे त्याच्या वंशावर ठरतं. पण चेकोस्लोव्हाकियन वुल्फडॉगचाच विचार करा: 1955 मध्ये जर्मन शेफर्ड आणि कार्पेथियन लांडगा यांच्या संकरापासून सुरुवात झाली, आणि पुढे पुन्हा पुन्हा शेफर्डचं रक्त मिसळलं गेलं. अशा पिल्लाला शिजलेलं धान्य विष वाटण्याचं कारण नाही.

‘बारीक दिसतंय’ म्हणून जास्त वाढणं

हा प्राणीच लांब पायांचा, अरुंद छातीचा. त्याची तुलना गुबगुबीत लॅब्राडोरच्या पिल्लाशी केली की बशी भरत जाते. डोळ्यांपेक्षा हातावर विश्वास ठेवा: फासळ्या दिसू नयेत, पण हलक्या हाताला लागाव्यात, आणि वरून पाहिलं तर कंबर कळावी. लॅब्राडोरच्याच 48 पिल्लांवर आयुष्यभर चाललेल्या एका अभ्यासात एक चतुर्थांश कमी खाणारी कुत्री सरासरी सुमारे 1.8 वर्षं जास्त जगली आणि त्यांना सांधेदुखीही उशिरा जडली. पोट तेवढं नगाऱ्यासारखं आणि अंगावर मांस नाही, असं असेल तर खाणं वाढवण्याआधी जंत तपासा.

शी पातळ झाली की रोज नवं खाद्य

ही चूक जवळजवळ सगळेच करतात. जुनं खाद्य एकदम बंद करू नका. सात ते दहा दिवसांत नव्याचं प्रमाण वाढवत न्या. पातळ शीचं कारण बरेचदा साधं असतं: गाईचं दूध, बक्षिसाचे जादा तुकडे किंवा एकाच वेळी भरपेट खाणं. चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीनदा आणि पुढे दोनदा घाला. खूप खाऊनही वजन उतरतंय आणि शी ढीगभर, फिकट, तेलकट होतेय, तर स्वादुपिंडाची तपासणी करून घ्या. शेफर्डच्या रक्तात स्वादुपिंडाचा असा आजार आढळतो.

शिजवलेली हाडं नकोतच, ती टोकदार फुटतात. कच्च्या मांसातून साल्मोनेला हा जिवाणू येऊ शकतो, पिल्लाला आणि घरच्या लहान मुलांनाही. द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं काहीही तोंडाला लागू देऊ नका.

खात नाही म्हणून मागे लागणं

खेळकर पिल्लाने एक वेळचं खाणं टाळलं तर वीस मिनिटांनी भांडं उचला आणि पुढच्या वेळेला तेच ठेवा. चमच्याने भरवत बसलात तर हे हुशार जनावर दोन दिवसांत तुम्हालाच शिकवून ठेवेल. मात्र पिल्लू मलूल आहे, उलट्या होताहेत किंवा शीमध्ये रक्त दिसतंय, तर वाट पाहू नका. पार्व्होसारख्या विषाणूच्या आजारात तासांचा हिशोब असतो, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.