इंदुरात बसून बायझंटाईन नाणी जमवायची असतील तर

पहिलीच गोष्ट, सोन्यापासून सुरू करू नका. बायझंटाईन नाणी म्हणून सर्च केलं की लगेच चकचकीत सॉलिडस (त्यांचं सोन्याचं नाणं) समोर येतो, सम्राट थेट आपल्याकडे बघतोय, हातात क्रॉसवाला गोळा, आणि माणूस तिथंच अडकतो. आधी तांबं घ्या. तांब्याच्या नाण्यावर सगळं लिहिलेलं असतं, किंमत किती, टांकसाळ कुठली, वर्ष कुठलं, आणि हे एकदा वाचता यायला लागलं की तुम्हाला कोणी सहजासहजी उल्लू बनवू शकत नाही. माझा नियम एवढाच आहे की जे नाणं स्वतःला वाचता येत नाही ते घ्यायचं नाही, मग विकणारा कितीही गोड बोलो.

थोडी पार्श्वभूमी, लवकर उरकतो. बायझंटाईन म्हणजे पूर्वेकडचं रोमन साम्राज्य, हे लोक स्वतःला रोमनच म्हणवायचे, राजधानी कॉन्स्टँटिनोपल म्हणजे आजचं इस्तंबूल, आणि १४५३ मध्ये तुर्कांनी ते जिंकेपर्यंत हे राज्य कसंबसं टिकून होतं. नाण्यांच्या हिशेबात बायझंटाईन काळ सुरू होतो सम्राट अनास्तासियसपासून, त्यानं ४९८ मध्ये तांब्याची नाणी नव्यानं बसवली. आणि आपला काय संबंध म्हणाल, तर सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा एक ग्रीक व्यापारी इकडच्या समुद्रातल्या व्यापाराबद्दल लिहून गेलाय, त्यात कल्याण बंदराचं नाव आहे, आणि रोमन सोन्याचं नाणं जगात कुठंही चालतं अशी बढाईपण आहे. कर्नाटकात अक्की आलूरला बायझंटाईन सोन्याची नाणी सापडली, त्यातल्या बऱ्याच नाण्यांना दोन-दोन भोकं पाडलेली, म्हणजे आपल्या लोकांनी त्याचा दागिनाच केला. अगदीच परकं प्रकरण नाहीये हे.

आता मुद्द्यावर. पहिलं नाणं घ्यायचं ते सम्राट जस्टिनियनचा मोठा फॉलिस (तांब्याचं नाणं), ५३८-३९ पासूनचा. का, तर त्यावर तारीख असते. जस्टिनियनच्या राज्याच्या बाराव्या वर्षापासून नाणं मोठं झालं, सम्राटाचा चेहरा बाजूनं होता तो समोरून आला आणि मागच्या बाजूला वर्ष टाकायला लागले. आकार बघाल तर चाट पडाल. आपलं दहाचं नाणं २७ मिलीमीटरचं, पावणेआठ ग्रॅमच्या आतलं, आणि सुरुवातीच्या वर्षांतला हा फॉलिस ४० मिलीमीटरच्या आसपास आणि वजन वीस ग्रॅमच्या वर, हातात घेतला की पुरीसारखा मावतो. पुढे पुढे वजन उतरत गेलं, त्यामुळे त्याच राजाचं उशिराचं नाणं बारकं दिसलं म्हणून लगेच खोटं समजू नका.

वाचायचं कसं ते सांगतो. मागची बाजू वर करा. मधोमध भलामोठा इंग्रजी एम दिसेल. तो एम म्हणजे ग्रीक आकडा चाळीस, ४० नुम्मीचं नाणं (नुम्मी म्हणजे त्यांचं सगळ्यात छोटं चलन). के असला तर वीस, आय असला तर दहा, ई असला तर पाच, एवढं सोपं आहे. एमच्या वर छोटा क्रॉस. डावीकडे वरून खाली ए, एन, एन, ओ अशी अक्षरं, म्हणजे वर्ष. उजवीकडे रोमन आकडा, समजा एक्स आणि त्याखाली तीन काड्या, तर तेरावं वर्ष. जस्टिनियन १ एप्रिल ५२७ ला गादीवर आला म्हणून आकड्यात ५२६ मिळवायचे, १३ अधिक ५२६ म्हणजे ५३९, नीट सांगायचं तर एप्रिल ५३९ ते मार्च ५४०. सहाचा आकडा मात्र फसवतो, तो कधी वळलेल्या जी सारखा तर कधी एस सारखा असतो, सुरुवातीला सगळेच तिथं गोंधळतात. एमच्या दोन पायांच्या मध्ये एक ग्रीक अक्षर, अल्फापासून एप्सिलॉनपर्यंत, हा टांकसाळीतल्या कारखान्याचा नंबर, कॉन्स्टँटिनोपलला असे पाच होते. आणि अगदी खाली रेघेखाली टांकसाळीचं नाव, कॉन म्हणजे राजधानी, निको म्हणजे निकोमीडिया, के वाय झेड म्हणजे सिझिकस, कार्ट म्हणजे कार्थेज. थेयूप असं काहीतरी दिसलं तर ते अँटिओक, भूकंपानंतर ५२८ मध्ये त्या शहराचं नाव बदलून थेयूपोलिस ठेवलं होतं.

आता पुढची बाजू. शिरस्त्राण घातलेला सम्राट, उजव्या हातात क्रॉसवाला गोळा, डाव्या खांद्याशी ढाल, आणि नाणं चांगलं असेल तर त्या ढालीवर घोडेस्वारसुद्धा दिसतो. दोन्ही बाजू बघताना नाणं पान उलटल्यासारखं नाही तर वरून खाली फिरवा, बहुतेक वेळा मागची बाजू तशीच सरळ येते.

घरात आजोबांचे होळकरी रुपये असतील (इंदुरात कुणाच्या घरी नसतात म्हणा) तर तुम्हाला ही पद्धत नवी नाही. तिथंपण नाव दिल्लीच्या शाह आलमचं, बाजूला जुलूस सन (गादीवर बसल्यापासूनचं वर्ष), आणि खरी ओळख पटते ती शिवलिंग-बेलपत्राच्या खुणेवरून. फारसी येत नसताना आपण वर्ष आणि खूण शोधायला शिकतोच ना, मग हे तर त्याहून सोपं आहे. ज्यांनी हे रुपये कधी हाताळलेच नाहीत त्यांनी इंदूरच्या केंद्रीय संग्रहालयात एक चक्कर मारून यावी, जुनी नाणी काचेआड का होईना पण प्रत्यक्ष बघितली की ठशाचा उठाव आणि झीज यातला फरक डोळ्यात बसतो, फोटोवरून तो कळत नाही.

दुसरं नाणं माझ्या मते ॲनॉनिमस, म्हणजे बिननावाचा फॉलिस. खरं तर मला हेच जास्त आवडतं. साधारण ९७० पासून १०९२ पर्यंत तांब्याच्या नाण्यावर राजाचं नावही नाही आणि चेहराही नाही, सुरुवातीच्या नाण्यांवर समोर ख्रिस्त, मागे चार ओळींत मजकूर, येशू ख्रिस्त राजांचा राजा. सम्राट जॉन त्झिमिस्केसनं हे सुरू केलं आणि पुढच्यांनी चालू ठेवलं. राजाचं नाव नसल्यामुळे अभ्यासकांनी त्यांना ए, बी, सी असे वर्ग पाडलेत. ए-टू सगळ्यात जास्त मिळतो, सम्राट बॅसिल दुसरा आणि त्याच्या भावाच्या काळातला, त्यात प्रभावळीतल्या क्रॉसवरचे ठिपके आणि ख्रिस्ताच्या हातातल्या पुस्तकाच्या कव्हरवरची नक्षी बघून पोटप्रकार ओळखायचे, एकदा नाद लागला की सुटत नाही. आणि मजा अशी की नवा वर्ग आला की जुनंच नाणं घेऊन त्यावर नवा ठसा मारायचे, त्यामुळे भिंगाखाली तिरपा प्रकाश टाकला की ख्रिस्ताच्या खांद्यावरून जुन्या नाण्याची अर्धी ओळ डोकावताना दिसते. विकणारे अशा नाण्याला खराब म्हणून स्वस्तात देतात. घेऊन टाका भिया, एका नाण्यात दोन मिळतात.

ही दोन्ही नाणी मध्यम हालतीत काही हजार रुपयांत मिळतात. किंमत ठरवायला लिलावांचे जुने निकाल ऑनलाईन बघा, विकणाऱ्यानं लावलेली किंमत नाही तर प्रत्यक्ष कितीला गेलं ते. ओळखीसाठी सियर नंबर चालतो, म्हणजे डेव्हिड सियरच्या कॅटलॉगमधला आकडा, कॉन्स्टँटिनोपलचा समोर बघणारा जस्टिनियन फॉलिस १६३, ए-टू फॉलिस १८१३. वॉशिंग्टनच्या डंबार्टन ओक्स या संस्थेकडे सुमारे १२,००० बायझंटाईन नाणी आहेत आणि त्यातल्या बऱ्याच नाण्यांची माहिती फोटोसकट नेटवर फुकट बघायला मिळते, रोज रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास तिथं घालवा, रील्स बघण्यापेक्षा बरं.

सम्राट हेराक्लियसची तांब्याची नाणी (६१० ते ६४१) स्वस्त असतात पण आधी नका घेऊ, युद्धाच्या धामधुमीत जुन्या नाण्यांवर कसेही ठोकलेले ठसे, कडा तुटलेल्या, नवशिक्याला त्यातून काही वाचता येत नाही. वाटीसारखी वाकलेली जी नाणी दिसतात ती प्रामुख्यानं सम्राट अलेक्सियस कोम्नेनोसनं १०९२ मध्ये केलेल्या नाण्यांच्या सुधारणेनंतरची, दिसायला भारी पण अर्धा ठसा बहुतेक वेळा सपाट असतो. १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल जिंकणाऱ्या लॅटिन, म्हणजे पश्चिम युरोपी लोकांनी त्यानंतर त्यांच्या नकलापण काढल्या. ते दुसऱ्या वर्षाचं काम समजा.

सोनं घ्यायचंच असेल तर हे वाचा. सॉलिडस साडेचार ग्रॅमच्या आसपास, म्हणजे अर्ध्या तोळ्याला जरा कमी, रोमन पौंडात ७२ बसायचे. आपली पहिली धाव सराफ्यात असते, टंच काढून आणू म्हणून. एक तर कसोटीवर घासू देऊ नका, ती रेघ आयुष्यभर राहते, मशीनवर बघायला सांगा. आणि दुसरं, टंच बरोबर आला म्हणजे नाणं खरं असं बिलकुल नाही, चांगले नकली सॉलिडस खऱ्या सोन्याचेच बनवतात, बल्गेरियातल्या नकला त्यासाठी बदनामच आहेत. उलट बाजूपण आहे. अकराव्या शतकात सोन्यात भेसळ वाढत गेली, सम्राट मिखाईल सातव्याच्या (१०७१ ते १०७८) नाण्याचा टंच कमी आला म्हणून घाबरू नका, तो कमीच यायला पाहिजे, तेवीस कॅरेट आला तर मात्र विचारपूस करा. म्हणजे सोनारानं काय सांगितलं यापेक्षा राजा कुठला हे तुम्हाला माहीत असणं जास्त कामाचं.

नकली तांबं ओळखायला तीन वस्तू पुरतात, दहापट भिंग, शंभरावा ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आणि व्यास-जाडी मोजायचा व्हर्नियर. कडेवर गोल फिरलेली बारीक शिवण दिसली, किंवा पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे बुडबुड्यांचे खड्डे आणि अक्षरांच्या कडा गुळगुळीत, तर ते ओतीव आहे, ठोकलेलं नाही. ओतीव नाण्याचं वजनपण बऱ्याचदा गडबडतं. अजून एक, दोन नाणी अगदी एकसारखी, त्याच जागी तीच चीर आणि कडेचा तोच टवका, असं दिसलं तर दोन्ही सोडा. वाळूसारखा पिवळट थर असलेलं नाणंही सांभाळून, तो थर बऱ्याचदा वरून चिकटवलेला असतो, अक्षरं उठून दिसावीत म्हणून.

कुठून घ्यायचं? गावात कॉइन फेअर भरतात तिथं जा जरूर, पण तिथं बायझंटाईन क्वचित असतं आणि असलं तर "रोमन" एवढीच चिठ्ठी लावलेलं. मुख्यतः बाहेरच्या डीलरकडूनच घ्यावं लागतं, व्हीकॉइन्ससारख्या ऑनलाईन ठिकाणी, जिथं डीलर खरेपणाची हमी देतात. आधी मेल टाकून विचारा की भारतात पाठवता का, काही जण पाठवतच नाहीत. पार्सलवर खरं वर्णन आणि खरी किंमत टाकायला सांगा, ड्यूटी वाचवायला खोटी किंमत टाकलीत आणि कस्टममध्ये अडकलं तर नाणंपण जातं आणि झोपपण. बिल, पेमेंटची पावती आणि ओळखपत्र तयार ठेवा, कुरियरवाले मागतात.

आणि हे नीट लक्षात घ्या, आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू धरतात आणि परवानगीशिवाय ते देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे आवडलं नाही म्हणून डीलरला परत पाठवून देऊ, हा रस्ता जवळजवळ बंद. म्हणून पैसे भरण्याआधीच काय ते प्रश्न विचारायचे, कडेचा फोटो मागायचा, वजन मागायचं, आधी कुणाच्या संग्रहात होतं ते विचारायचं. डीलरची चिठ्ठी आणि बिल नाण्याबरोबर जपा, पुढे विकायची वेळ आली तर त्या कागदाला किंमत येते.

नाणं घरी आलं की ते पितांबरीने किंवा चिंचेने घासायला घेऊ नका, आणि घरच्यांनाही सांगून ठेवा, देवाच्या भांड्यांसोबत गेलं तर संपलं. हजार वर्षांचा हिरवा-तपकिरी थर हीच त्याची शोभा आणि किंमतही. फार माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा, बस. फिकट हिरवी पावडर सुटायला लागली आणि पुसली तरी परत येते, तर तो ब्राँझचा रोग, ते नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं काढा आणि कोरडं ठेवा. आपल्याकडे पावसाळ्यात हवा दमट, तेव्हा डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि मधूनमधून बदला. मऊ प्लास्टिकची स्वस्त पाकिटं वापरू नका, त्यातलं पीव्हीसी काही वर्षांत नाण्यावर चिकट हिरवं सोडतं. मायलरची (पीव्हीसी नसलेल्या प्लास्टिकची) किंवा पुठ्ठ्याची होल्डर घ्या.

बाकी तुर्कीची टूर आजकाल सगळेच करतात, तर इस्तंबूलच्या बाजारात कोणी हळूच रुमालातून जुनं नाणं काढून दाखवलं तर हात जोडून पुढे चला. बहुतेक वेळा ते नकली असतं, आणि चुकून खरं निघालं तर अजून वाईट, तिथून जुन्या वस्तू बाहेर नेणं हा गुन्हा आहे आणि त्यासाठी तुरुंग होतो.