ऑईल नेमकं कुठून गळतंय? गॅरेजमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

गॅरेजमध्ये काम शिकायला लागून पाचेक महिने झाले होते. कव्हर उघडणं, पॅकिंग (सांध्यातली कागदी गास्केट) बदलणं, क्लच प्लेटा टाकणं ही कामं मला एकट्याने करायला मिळू लागली होती. तेव्हा एका सिलेंडरची, एअर कूल्ड इंजिनची एक मोटरसायकल आली. तक्रार साधी होती: गाडी रात्री उभी केली की सकाळी खाली ऑईलचा डाग. मी वाकून पाहिलं. उजवीकडचं क्लच कव्हर खालून ओलं होतं आणि सगळ्यात खालच्या बोल्टला एक थेंब लोंबत होता. क्लच कव्हरचं पॅकिंग गेलंय असं ठरवूनच मी ऑईल काढलं, कव्हर उघडलं, नवं पॅकिंग टाकलं आणि गाडी दिली. चार दिवसांनी ती परत आली. पॅकिंग नीट बसलं नसेल म्हणून पुन्हा नवं टाकलं, या वेळी दोन्ही बाजूंनी सिलिकॉन लावून. आठवड्याने गाडी पुन्हा दारात.

उस्तादांनी पान्याला हातही लावला नाही. रॉकेल आणि ब्रश घेऊन आधी अख्खं इंजिन धुतलं, वरच्या हेडपासून खाली ऑईल काढायच्या ड्रेन बोल्टपर्यंत. कोरड्या फडक्याने पुसलं, हवा मारली आणि साधी टाल्कम पावडर हातावर घेऊन इंजिनवर फुंकली. सगळं इंजिन पांढरं झालं. मग गाडी मेन स्टँडवर घेऊन दारात, मोकळ्या हवेत चालू ठेवली. दहाएक मिनिटांनी टॉर्च मारून मला म्हणाले, "खाली बघू नकोस, वर बघ."

हेडच्या पुढच्या बाजूला, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या टॅपेटच्या झाकणाखाली, पावडरवर एक करडी रेघ उमटली होती. दोऱ्याइतकी बारीक. ती इंजिन गार ठेवणाऱ्या पंखांच्या कडेवरून उतरत क्रँककेसवर (इंजिनच्या खालच्या पेटीवर) आली होती आणि तिथून क्लच कव्हरच्या सांध्यात शिरून सांध्याच्या कडेकडेने थेट त्या खालच्या बोल्टपर्यंत पोचली होती. क्लच कव्हरचं पॅकिंग पहिल्या दिवसापासून चांगलं होतं. उस्तादांनी टॅपेटच्या झाकणाची ओ-रिंग (रबरी कडी) काढून माझ्या हातावर ठेवली. गोलाई गेलेली, चपटी झालेली. जरा वाकवली तर कटकन मोडली. एक्झॉस्टच्या बाजूला उष्णता जास्त, त्यामुळे तिथलं रबर आधी कडक होतं. नवी ओ-रिंग ऑईलमध्ये बुडवून बसवली आणि गळती थांबली.

मग उस्तादांनी मला क्लच कव्हर पुन्हा उघडायला लावलं. आतल्या कडेने माझ्या सिलिकॉनच्या शेवया लोंबत होत्या. त्यातली एक जरी तुटून ऑईल पंपाच्या जाळीवर बसली असती, तर हेडपर्यंत ऑईल पोचणं बंद झालं असतं आणि चांगलं इंजिन जाम झालं असतं. गळती परवडली, पण ही दुरुस्ती नको. कागदी पॅकिंग जिथे दिलंय तिथे ते कोरडं बसवा. कंपनीने जिथे लिक्विड गास्केटच सांगितलंय, उदाहरणार्थ क्रँककेसच्या दोन भागांच्या सांध्यात, तिथे पातळ थर पुरतो.

म्हणून नव्याने आलेल्यांना मी पहिल्यांदा हेच सांगतो: ऑईल खाली उतरतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकललं जातं. तेव्हा ओल्या भागातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा शोधा. उगम बहुतेक वेळा तिथे सापडतो. आणि मळलेल्या इंजिनवर ती जागा कुणालाच सापडत नाही, वीस वर्षं काम केलेल्यालाही नाही. इंजिन धुवायचा कंटाळा करू नका. फक्त धुताना इंजिन थंड किंवा कोमट असू द्या. तापलेल्या सायलेन्सरवर रॉकेल पडलं तर पेट घेऊ शकतं.

धुण्याआधी दोन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे ते इंजिन ऑईलच आहे का. पुढच्या स्प्रॉकेटजवळचा काळा चिकटा पुष्कळदा चेनला मारलेल्या ल्यूबचा असतो, चेन फिरताना उडालेला. फोर्कचं सील गेलं की पाइपवर ओली कडी दिसते आणि ऑईल खाली उतरतं. लिक्विड कूल्ड गाडीत कूलंट असेल तर ते पाण्यासारखं पातळ आणि वासाला गोडसर लागतं. दुसरी म्हणजे ऑईलची पातळी. गाडी सरळ उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटं थांबून मोजा. गेज (ऑईल मोजायची काडी) आटे फिरवून आत बसवून मोजायचं की नुसतं टेकवून, हे प्रत्येक गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. इथे चूक झाली की पातळी चुकते आणि ऑईल जास्त भरलं जातं. जास्तीचं ऑईल क्रँककेसमधला दाब वाढवतं. ब्रीदरचा, म्हणजे क्रँककेसमधला दाब बाहेर सोडणारा, पाइप दुमडला किंवा चोंदला तरी तेच होतं. मग दाब मिळेल तिथून वाट काढतो आणि चांगली सीलंही पाझरायला लागतात. दोन-तीन ठिकाणी एकदम गळती दिसली तर मी पॅकिंगला हात लावायच्या आधी ब्रीदर बघतो. ब्रीदरमधून जोरात वाफारा येत असेल आणि सायलेन्सरमधून निळसर धूर, तर दोष रिंग-पिस्टनचा आहे. तो बाजूला ठेवून सीलं बदलत बसू नका.

पावडरवरही रेघ उमटली नाही तर गाडी चालवून आणा. काही गळती इंजिन पूर्ण तापल्यावर, वरच्या आरपीएमलाच दिसते. त्यानेही भागलं नाही तर ऑईलमध्ये टाकायचा डाय मिळतो; अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली तो हिरवा-पिवळा चमकतो.

डाव्या बाजूची गळती मात्र मला अजूनही वेळ घ्यायला लावते. पुढच्या स्प्रॉकेटमागे पुष्कळ गाड्यांत थोड्याशा जागेत बरंच काही असतं: आउटपुट शाफ्टचं ऑईल सील, गिअर बदलायच्या शाफ्टचं सील, न्यूट्रल स्विच, काही गाड्यांत क्लच पुशरॉडचंही सील. सगळं चेनच्या घाणीत बुडालेलं. इथे स्प्रॉकेट काढून, धुऊन, एकेक जागा वेगळी बघावी लागते. आणि एक गोष्ट हमखास सुटते. काही इंजिनांत आउटपुट शाफ्टवर एक कॉलर (धातूची नळी) असते आणि तिच्या आत ओ-रिंग. सील कॉलरच्या बाहेरून ऑईल अडवतं आणि ओ-रिंग आतून. सील नवं टाकलं, ओ-रिंग जुनीच ठेवली, की गाडी परत येणार. ही बघणी इंजिन बंद ठेवूनच करा. चालू गाडीच्या चेनजवळ फडकं नेऊन बोटं गमावलेली माणसं आहेत.

ऑईल सील बसवताना आतल्या ओठाला ग्रीस लावा. स्प्रिंगची बाजू ऑईलकडे असते. शाफ्टच्या खाचांवर पातळ टेप गुंडाळा, नाहीतर बसवतानाच ओठ चिरतो. सीलच्या बाहेरच्या मापाचा सॉकेट ठेवून हळूहळू, सरळ आत घ्या. शाफ्टवरून नख फिरवा. जुन्या सीलने खाच पाडलेली असेल आणि जागा असेल, तर नवं सील किंचित कमी-जास्त खोल बसवलं की ओठ कोऱ्या जागेवर येतो.

कव्हर उघडताना बोल्टांची लांबी सारखी नसते. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून, भोकं पाडून, त्याच जागी बोल्ट खोचून ठेवा. जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने खरवडा. स्क्रू ड्रायव्हरचा एक ओरखडा अॅल्युमिनियमवर पडला की तीच पुढच्या गळतीची वाट. डॉवेल पिना (कव्हर नेमक्या जागी बसवणाऱ्या) जागेवर आहेत ना ते बघा. बोल्ट आधी सगळे हाताने, मग समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत. कव्हरचे ६ मिमीचे बोल्ट साधारण १० न्यूटन मीटरच्या आसपास आवळतात, नेमका आकडा पुस्तकात मिळेल. गळती थांबावी म्हणून जोर लावला की आटे जातात आणि दहा मिनिटांचं काम दिवसाचं होतं. ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा टाका.

नुसतं घाम आल्यासारखं ओलं दिसत असेल तर थोडं थांबता येतं, लक्ष ठेवून. पण ऑईल मागच्या टायरवर किंवा तापलेल्या पाइपवर जात असेल, तर दुरुस्तीशिवाय गाडी कुणाच्या हातात देऊ नका.

काम झाल्यावर इंजिन पुन्हा एकदा धुवा. सांध्यांत आणि बोल्टांच्या खोबणीत जुनं ऑईल साचलेलं असतं. इंजिन तापलं की ते एक-दोन दिवस पाझरत राहतं आणि गाडीवाल्याला वाटतं, काहीच झालं नाही. मी पंधरा-वीस मिनिटांची चक्कर मारतो, पातळी पुन्हा बघतो आणि रात्रभर गाडीखाली कोरा पुठ्ठा ठेवतो. गाडी सकाळी देतो, पुठ्ठा बघून.