बेळगाव आणि खार्टूम: दोन लांबच्या गावांचं हवामान ताडून कसं पाहायचं

'बेळगाव जिल्ह्याचं हवामान' असं वहीवर शीर्षक घातलं की तुलना तिथंच फसते. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस होतो, अथणीला जेमतेम पाचशे-सहाशे. दोन्ही एकाच जिल्ह्यात, हवाई अंतर दीडशे किलोमीटरच्या आत. त्यांची सरासरी काढाल तर आकडा ना कणकुंबीचा ना अथणीचा. म्हणून जिल्हा घेऊ नका, मोजणी केंद्र घ्या. बेळगावसाठी शहरातलं किंवा सांबऱ्याच्या विमानतळावरचं, पण वहीत नाव लिहूनच.

जोडी निवडताना निदान एक गोष्ट दोन्हीकडे सारखी ठेवा. सगळंच वेगळं असेल तर फरक कशामुळे पडला ते कधीच कळत नाही. इथं अक्षांश सारखा ठेवू. बेळगाव सुमारे १५.८५ अंश उत्तर, सुदानची राजधानी खार्टूम सुमारे १५.६ अंश उत्तर, मध्ये साडेचार हजार किलोमीटर. म्हणजे सूर्य दोघांना जवळपास सारखाच मिळतो. सर्वांत मोठा दिवस दोन्हीकडे तेरा तासांच्या आसपास. मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य डोक्यावर येऊन दुपारी सावली पायाखाली जाते. ऑगस्टमधली ती दुपार बेळगावात बहुधा ढगांत जाते, हा भाग वेगळा. पण सगळी तुलना खरं तर त्या ढगांचीच आहे.

रेखांश लिहिलात की लगेच घड्याळाने पडताळा घ्या. बेळगाव ७४.५ पूर्व, खार्टूम ३२.५ पूर्व. फरक ४२ अंश, एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने १६८ मिनिटं, २ तास ४८ मिनिटं. घड्याळातला फरक मात्र साडेतीन तासांचा आहे. गणित चुकलेलं नाही. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंशांची, तिच्या मानाने बेळगावचा सूर्य ३२ मिनिटं मागे. सुदानची वेळ ३० अंशांची, तिथं सूर्य १० मिनिटं पुढे. १६८ मध्ये ३२ आणि १० मिळवा, २१० मिनिटं होतात. हा मेळ बसला नाही तर रेखांश उतरवताना चूक झाली आहे.

आता आकडे. एका वर्षाचे घेऊ नका, तीस वर्षांची सरासरी घ्या, आणि तीच तीस वर्षं दोन्हीकडे, उदाहरणार्थ १९९१ ते २०२०. खार्टूमची वार्षिक सरासरी कुठं शंभराच्या थोडी वर, कुठं एकशेसाठच्या घरात दिसते. कोणता कालखंड धरला त्यावर ते ठरतं. पुढच्या हिशेबासाठी १५० मिलिमीटर धरू. बेळगाव शहराचे साधारण १३००.

'पावसाचे दिवस' हा रकाना आला की सावध व्हा. आपलं हवामान खातं दिवसभरात २.५ मिलिमीटर किंवा जास्त झाला तरच पावसाचा दिवस धरतं, आंतरराष्ट्रीय तक्त्यांत बहुधा १ मिलिमीटर पुरतो. भुरभुर पावसाच्या बेळगावात एवढ्याने दिवसांची संख्या बरीच बदलते. एकके पण एकच ठेवा. जुन्या नोंदी इंचात असतील तर २५.४ ने गुणा. घरच्यांना समजावायचं झालं तर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका गुंठ्यावर सुमारे १०१ लिटर पाणी.

तापमानात सगळा दोष उंचीवर ढकलायची सवय असते, तिचा हिशेब करून टाका. बेळगाव सुमारे ७५० मीटर, खार्टूम ३८०. हजार मीटरला साडेसहा अंश धरले तर ३७० मीटरला २.४ अंश. प्रत्यक्षात मे महिन्यात खार्टूमचं कमाल तापमान सरासरी ४२ च्या आसपास, बेळगावचं ३३-३४. आठ-नऊ अंशांतले उंचीने अडीचसुद्धा उलगडले नाहीत. उरलेले समुद्रावरून येणारा दमट वारा, ढग आणि वळीव यांच्या खात्यावर. जुलै-ऑगस्टमध्ये तर बेळगावची दुपार २५-२६ वर आलेली असते आणि खार्टूमची ३७ च्या खाली उतरत नाही. नैऋत्य मोसमी वारा सह्याद्रीला धडकून वर चढतो, थंड होतो, घाटमाथ्यावर ओततो आणि पूर्वेला जाईल तसा कोरडा होतो. खार्टूमला असा डोंगर जवळ नाही. पावसाचा पट्टा सहाराच्या कडेपर्यंत जुलै ते सप्टेंबर तेवढा पोचतो, तोही थकून.

आलेख काढताना सर्वांत जास्त चुका मापात होतात. एक्सेलवर सोडलं तर ते प्रत्येक गावाचं माप आपापलं ठरवतं आणि खार्टूमचा ऑगस्ट बेळगावच्या जुलैएवढा उंच दिसतो. आलेख कागदच बरा. आडव्या रेषेवर महिन्याला दीड सेंटिमीटर, बारा महिन्यांना १८. उभ्या रेषेवर १ सेंटिमीटर म्हणजे डावीकडे १० अंश, उजवीकडे २० मिलिमीटर. शंभर मिलिमीटरच्या वर माप दाबून १ सेंटिमीटरला २०० मिलिमीटर करा, नाहीतर बेळगावचा जुलै कागदाबाहेर जाईल. जिथं माप बदललं तिथं रेघ मारून तसं लिहा. पावसाचा खांब तापमानाच्या रेषेखाली राहिला तो महिना कोरडा. बेळगावचे जून ते ऑक्टोबर स्पष्ट वर येतात, मे काठावर. खार्टूमचा फार तर ऑगस्ट रेषेला टेकतो.

हे डोळ्यांनी झालं, आता आकड्याने. पाऊस मुख्यतः उन्हाळी सहामाहीत (एप्रिल ते सप्टेंबर) पडत असेल तर वर्षाच्या सरासरी तापमानाला २० ने गुणून २८० मिळवा. वार्षिक पाऊस या आकड्याच्या खाली तर प्रदेश कोरडा, निम्म्याच्याही खाली तर वाळवंट. खार्टूम: ३० गुणिले २० अधिक २८०, म्हणजे ८८०, निम्मे ४४०, पाऊस १५०. सरळ वाळवंट. बेळगाव: २४ अंशांना ७६०, पाऊस १३००, कोरडं नाही. अथणीला सरासरी २६ धरा, उंबरठा ८००, निम्मा ४००, पाऊस मधोमध. अथणी निमकोरडी निघते.

भूगोलाच्या रकान्यात 'नदीकाठी' एवढंच लिहून सोडू नका. त्या नदीचं पाणी कुठं पडतं ते लिहा. खार्टूमला निळी आणि पांढरी नाईल मिळतात. पावसाळ्यातला पूर बहुतेक निळ्या नाईलचा, इथिओपियाच्या डोंगरांवरच्या पावसाचा. गावात थेंब नसताना पाणी चढू शकतं. चिकोडी, रायबाग, अथणीच्या कृष्णाकाठाला हे सांगायला नको: २००५ आणि २०१९ चा पूर महाबळेश्वर-कोयनेकडच्या पावसाने आणला.

पिकांचंही तसंच. दोन्हीकडे काळी, भेगाळणारी जमीन आहे आणि दोन्हीकडे जोंधळा आहे. सुदानी लोक त्याचं पीठ आंबवून किसरा नावाची पातळ भाकरी करतात, आपल्या आंबोळीच्या जवळची. पण अथणीतला ऊस बघून कुणी तिथं भरपूर पाऊस आहे असं धरलं, किंवा खार्टूमच्या दक्षिणेला दोन नाईलच्या मधल्या गेझिऱ्यातला कापूस बघून तेच म्हटलं, तर दोघंही चुकले. गेझिऱ्याचं पाणी १९२५ पासून निळ्या नाईलवरच्या सेन्नार धरणाचं, अथणीचं कृष्णेचं. तक्त्यात पिकाशेजारी पाण्याचा एक रकाना वेगळा आखा, आणि पावसावरचं पीक व कालव्यावरचं पीक वेगवेगळ्या ओळींत भरा.