कोरड्या माळरानावर गुरांसाठी आणि रानातल्या जिवांसाठी पाणवठा कसा करायचा

कोरड्या रानात पाण्याची सोय करायची म्हटलं की बरेच जण टाकी किती लिटरची आणि पाइप किती इंची इथूनच सुरुवात करतात, पण त्याच्याही आधी रान एकदा पायी फिरा आणि पाणी नक्की कुठे ठेवायचं ते ठरवा, कारण जिथे पाणी तिथेच गुरं चरणार आणि तिथलंच गवत आधी संपणार. सपाट रानात सुद्धा गुरं पाण्यापासून दोन-तीन किलोमीटरच्या पुढे नीट चरत नाहीत, चढउतार असला तर एक किलोमीटर पण खूप झालं. म्हणून एकच मोठा हौद बांधला तर त्याच्या आजूबाजूला सगळं उघडंबोडकं होतं आणि लांबचं गवत तसंच उभं वाळून जातं.

त्यापेक्षा दोन-तीन लहान पाणवठे करा आणि प्रत्येकाच्या लाइनला वेगळा कॉक ठेवा. एका भागाचं पाणी बंद केलं की गुरं आपसूक दुसरीकडे वळतात आणि कुंपण न घालता पण तिथल्या गवताला उसंत मिळते. आणि हो, चाटायच्या मिठाच्या विटा हौदाला लागून ठेवू नका, चांगल्या लांब ठेवा, त्या निमित्ताने गुरं दूरच्या गवतापर्यंत जातात.

आता हिशोब. भर उन्हाळ्यात एका मोठ्या जनावराला दिवसाला ५०-६० लिटर धरा, दुभत्या गाईला त्याहून बरंच जास्त, शेळी-मेंढीला ५ ते १० लिटर. १०० गुरं असतील तर रोजचे ६००० लिटर झाले आणि पंप बिघडला तर दुरुस्तीला वेळ लागतो म्हणून किमान तीन दिवसांचा साठा हवाच, म्हणजे १८-२० हजार लिटरची टाकी, वर रानातल्या जनावरांचं आणि वाफेने उडणारं पाणी वेगळं. सोलर पंप असेल तर बॅटरीवर खर्च करू नका, तोच पैसा मोठ्या टाकीत घाला, ऊन असताना पाणी चढवून ठेवायचं आणि रात्री उताराने सोडायचं. टाकी झाकलेलीच पाहिजे, कडक उन्हाच्या कोरड्या भागात उघड्या पाण्याची पातळी वर्षाला दोन मीटर सुद्धा उतरते. काळा पाइप जमिनीवर उघडा पडलेला असला तर पाणी तापतं आणि गुरं कमी पितात, तेव्हा तो गाडा, आणि लाइन जिथे उंचवट्यावरून जाते तिथे एअर व्हॉल्व्ह लावा नाहीतर हवा अडकून पाणी पुढे सरकतच नाही.

हौद लहान आणि पाणी लांब असलं की एक गोष्ट हमखास होते. सगळा कळप एकदम येतो, दांडगी जनावरं आधी पितात, पाण्याचा तळ दिसायला लागतो, मग ढकलाढकली सुरू आणि पुढची गुरं निघाली की मागे राहिलेली वासरं न पिताच त्यांच्या मागे पळतात. म्हणून हौद लांब करा आणि पाणी झपाट्याने भरेल असा व्हॉल्व्ह बसवा. बॉलकॉक मात्र जाड पत्र्याखाली किंवा वेगळ्या कप्प्यात ठेवायचा, उघडा असला की शिंगाने मोडतोच. हौदाभोवती दोन-तीन मीटर दगड किंवा काँक्रीट घाला आणि ओव्हरफ्लोचं पाणी पाइपने लांब काढा, नाहीतर चिखल होतो आणि अशक्त जनावर त्यात रुतून बसतं.

आता जे सगळ्यात जास्त राहून जातं ते. उभ्या भिंतीच्या हौदात पाखरं, खारी, सरडे पडतात आणि बाहेर येता येत नाही म्हणून बुडून मरतात. पडलेला जीव मधोमध पोहत नाही, तो भिंतीला चिकटून गोल गोल फिरतो आणि त्यातच दमतो. त्यामुळे बाहेर यायचा उतार भिंतीला घट्ट लागून पाहिजे, मध्ये फट राहिली तर जीव उताराच्या मागून निघून जातो. खडबडीत दगड रचा नाहीतर जाळी वाकवून बसवा, चढ ४५ अंशांपेक्षा कमी ठेवा आणि खालचं टोक तळापर्यंत न्या, पाणी उतरलं तरी उपयोग झाला पाहिजे. नुसती तरंगती फळी टाकून भागत नाही, भिजलेल्या पाखराला तिच्यावर चढताच येत नाही. वटवाघळं उडता उडता पाणी पितात, तेव्हा हौदावरून आडव्या तारा अजिबात ओढू नका. ही नुसती दयामाया नाही, मेलेला जीव पाण्यात सडला तर बॉट्युलिझम नावाच्या विषबाधेने गुरं सुद्धा दगावू शकतात.

गुरांचा कॉक बंद केल्यावर रानातल्या जनावरांनी कुठे जायचं? त्यांच्यासाठी जमिनीलगत एक उथळ, उताराचं ताटलीसारखं टाकं वेगळं ठेवा आणि गुरं आत येणार नाहीत असं कुंपण घाला, खालची तार बिनकाट्याची आणि हरणाला खालून जाता येईल इतकी वर. पाइप पोचत नसेल तर पावसाचं पाणी धरा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर, म्हणजे १०० चौरस मीटर पत्रा आणि १० मिलिमीटरची एक सर, की गळती सोडून जवळजवळ हजार लिटर झाले. कॅलिफोर्नियात १९४० च्या दशकात लावा पक्ष्यांसाठी अशीच टाकी बांधली होती.

पण म्हणून प्रत्येक कोपऱ्यात पाणी नेऊ नका. दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात बोअरच्या पाण्यामुळे कोरड्या भागात झेब्रे वाढले, त्यांच्या मागे सिंह आले आणि रोन नावाचं दुर्मिळ हरिण झपाट्याने कमी झालं, मग १९९० च्या दशकात तिथले बरेच पाणवठे बंद करावे लागले. मूळचा कोरडा भाग कोरडाच राहू द्या. जो पाणवठा बंद करायचा तो पावसानंतर ओढ्या-डबक्यात पाणी असताना करा, ऐन उन्हाळ्यात नाही.

बोअरचं पाणी सुरुवातीलाच तपासून घ्या. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ते लिटरला ३००० मिलिग्रॅमपर्यंत गुरांना साधारण चालतात, ७००० च्या वर धोका, आणि वाफ होऊन हौदातला खार वाढत जातो म्हणून अधूनमधून हौद पूर्ण रिकामा करून घासायचा. निळसर हिरवा थर दिसला तर गुरांना लगेच बाजूला करा, ते शेवाळ विषारी असू शकतं. उन्हाळ्यात रोज एक फेरी मारायचीच, आणि कधी पाणी तुटून गुरं तहानेने व्याकूळ झालेली सापडली तर त्यांना हौदावर एकदम मोकळं सोडू नका, थोडं थोडं पाणी थांबून थांबून पाजा, एका दमात पोटभर प्यायली तर झटके येऊन मरू शकतात.