घरच्या भाजीसाठी निंबोळी अर्क

कापसाच्या तासांमध्ये (ओळींमध्ये) लावलेली तूर, बरबटी (चवळी) आणि अंबाडी आपल्याच ताटात येते, म्हणून तिच्यावर काय फवारले जाते याची काळजी घरानेच घ्यावी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते दुःख विदर्भाने विसरू नये, असे मला मनापासून वाटते.

म्हणूनच या भाजीसाठी कडुनिंबाच्या बियांचा, म्हणजे निंबोळ्यांचा, अर्क घरीच करावा. पावसाळ्याच्या तोंडावर कडुनिंबाखाली पडलेल्या पिकल्या निंबोळ्या वेचाव्यात, गर धुऊन काढावा आणि बिया सावलीत पूर्ण वाळवून हवा खेळेल अशा पोत्यात ठेवाव्यात, कारण ओलसर बियांना बुरशी लागते आणि अर्क निकामी होतो. फवारणीच्या आदल्या संध्याकाळी ५ किलो बिया कुटून सुमारे ९ लिटर पाण्यात भिजवाव्यात, तर २०० ग्रॅम साबणचुरा वेगळ्या १ लिटर पाण्यात विरघळवावा. सकाळी भिजवण फडक्यातून पिळून गाळावे, साबणाचे पाणी मिसळावे आणि एकूण द्रावण १०० लिटर करावे. हाच ५ टक्के अर्क होय.

त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूसही पोहोचेल असा तो फवारावा, कारण त्यातील अझाडिरॅक्टिन हा घटक उन्हात लवकर नष्ट होतो. मावा, तुडतुडे आणि लहान अळ्यांवर तो उपयोगी पडतो. कापसाच्या बोंडात शिरलेल्या गुलाबी बोंडअळीपर्यंत मात्र तो पोहोचत नाही, तिच्यासाठी कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे सापळे) लावावेत आणि डोमकळ्या, म्हणजे अळी शिरल्याने नीट न उमललेली फुले, वेचून नष्ट कराव्यात.