पेशीपटलातून काय जातं, काय अडतं: या चुका टाळा

‘पाणी जास्त संहतीकडून कमी संहतीकडे जातं.’ उत्तरपत्रिकेत हे वाक्य आलं की माझं लाल पेन अडखळतं. ते बरोबर आहे की चूक, हे ठरवताच येत नाही. संहती म्हणजे द्रावणात एखादा पदार्थ किती दाट आहे ते, पण कशाची, पाण्याची की मिठाची? ‘संहत द्रावण’ म्हणताना आपण द्राव्य, म्हणजे विरघळलेला पदार्थ, मोजतो, आणि पाणी तर द्राव्य जास्त असेल तिकडे ओढलं जातं. तेव्हा ‘संहती’ हा शब्द एकटा सोडू नका, मागे ‘मिठाची’ किंवा ‘पाण्याची’ लावा.

दुसरा घोळ पटलाला, म्हणजे पेशीभोवतीच्या मेदाच्या पातळ आवरणाला, चाळणी समजण्याचा. लहान रेणू जातात, मोठे अडतात, असं सरसकट लिहिलं जातं. मग सोडिअम आयनाचं काय? तो ग्लुकोजहून कितीतरी लहान, तरी नुसत्या मेदाच्या थरातून जवळजवळ जातच नाही. त्याच्यावर प्रभार असतो, पाण्याचे रेणू त्याला बिलगलेले असतात आणि थराचा गाभा तेलकट असतो. उलट स्टेरॉइड संप्रेरकं आकाराने मोठी, पण मेदात विरघळणारी, म्हणून आरपार जातात. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडलाही अडचण नाही. पाणी मात्र मधलं प्रकरण आहे. थोडं मेदातून झिरपतं. पण मूत्रपिंडाच्या किंवा तांबड्या रक्तपेशींच्या पटलातून ते झपाट्याने जातं ते ॲक्वापोरिन या प्रथिनांच्या मार्गाने. त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्री यांना 2003 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

प्रथिन दिसलं की ‘सक्रिय वहन’ (ऊर्जा खर्चून केलेली ने-आण) लिहून मोकळं होणं, ही सवयही सोडा. तांबड्या रक्तपेशीत ग्लुकोज प्रथिनामार्फतच शिरतं, पण उताराच्या दिशेने, म्हणजे ग्लुकोज जास्त असेल तिकडून कमी असेल तिकडे, एटीपी (पेशीचं इंधन) न खर्चता. प्रथिन आहे का हे विचारण्याऐवजी रेणू चढ चढतोय का, हे विचारा. सोडिअम-पोटॅशिअम पंप चढ चढतो: एका एटीपीमागे 3 सोडिअम बाहेर, 2 पोटॅशिअम आत. लहान आतड्यात आणखी गंमत आहे. तिथे आत शिरणारा सोडिअम ग्लुकोजला चढावरही सोबत ओढून नेतो. दोघांना आत नेणाऱ्या वाहक प्रथिनाला स्वतःला एटीपी लागत नाही. सोडिअमचा उतार टिकवण्याचा खर्च पंप दुसऱ्या बाजूला करत असतो. जलसंजीवनीत मिठासोबत साखर का घालतात, याचं उत्तर इथे आहे.

आता सगळ्यात जास्त फसवणारी चूक, टक्केवारीची. 0.9 टक्के मिठाचं आणि 5 टक्के ग्लुकोजचं द्रावण शेजारी ठेवलं तर दुसरं पाचपट ‘तीव्र’ वाटतं. पण पाणी वजन मोजत नाही, कण मोजतं. मिठाचा रेणुभार कमी, शिवाय विरघळल्यावर त्याचे दोन आयन होतात. त्यामुळे कणांच्या हिशेबात दोन्ही द्रावणं रक्ताच्या जवळपास येतात. इथवर पुष्कळजण पोचतात आणि तिथेच थांबतात. एक पाऊल पुढे टाका: कणांच्या संख्येत रक्ताशी जुळणारं, साधारण 1.8 टक्के युरियाचं द्रावण घ्या आणि त्यात तांबड्या रक्तपेशी सोडा. कागदावर सगळं समसमान, तरी पेशी फुगून फुटतात. युरिया पटलातून आत शिरतो आणि त्याच्यामागून पाणी. मीठ सहजी शिरत नाही, म्हणून मिठाच्या द्रावणात पेशी टिकतात. बाहेर कण किती, एवढं मोजून भागत नाही; त्यातले बाहेर राहणारे किती, हेही बघावं लागतं. ‘समपरासारी’ (ज्यात पेशी फुगतही नाही, आक्रसतही नाही असं द्रावण) लिहिण्याआधी द्राव्याचं नाव वाचा.

समतोल आला की हालचाल थांबते, हेही खोटं. रेणू जात-येत असतातच. फक्त दोन्हीकडची ये-जा सारखी होते.

प्रयोगवहीतल्या चुका वेगळ्या. बटाट्याच्या फोडी द्रावणातून काढून ओल्याच तोलल्या की वजन वाढलेलं दिसणारच. टिपकागदावर टिपा, आणि दरवेळी सारखंच टिपा. कांद्याच्या पापुद्र्यात मिठाच्या पाण्याने रससंकोच (पाणी बाहेर गेल्याने पेशीचा आतला भाग भिंतीपासून आक्रसणं) दिसला नाही, तर आधी द्रावणावर खापर फोडू नका. पापुद्रा वाळलेला किंवा चुरगळलेला असेल तर पेशी मेलेल्या असतात, आणि मेलेलं पटल काहीच धरून ठेवत नाही. जांभळ्या कांद्याचा रंगीत पापुद्रा घ्या, म्हणजे आक्रसलेला भाग स्पष्ट दिसतो. मग काचपट्टीवरच मिठाचं पाणी टिपून साधं पाणी सोडा. पेशी पुन्हा भरल्या तर त्या जिवंत होत्या. नाही भरल्या, तर मीठ फार कडक झालं किंवा तुम्ही फार वेळ थांबलात.